बर्फातला पहिला डोंगर, एका दिवसात चढून-उतरून होईल असा कोणता? (विदर्भातून जाणाऱ्यांसाठी)

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परतवाडा-अचलपूर पट्ट्यातले आम्ही चौघे. चिखलदऱ्याचा घाट, गाविलगड, नरनाळा, सालबर्डी, पचमढीचा चौरागड हे सगळं पायाखालचं. आता बर्फावर चालतात कसं आणि उंचीवर शरीर वागतं कसं, हे शिकायचं आहे. मोठी मोहीम नको, आठ-दहा दिवसांचा ट्रेकही नको. पहाटे निघून दुपारपर्यंत छताखाली परत येता येईल असा एकच डोंगर हवा, पण पुढच्या मोठ्या डोंगरांना उपयोगी पडेल असं काही तिथे शिकायला मिळालं पाहिजे. हरभरा-गहू घरात आला की मृगाच्या पेरणीपर्यंत आम्ही मोकळे. कोणता डोंगर, कोणता महिना, आणि गावात राहून तयारी काय करायची? नेमकं सांगा.

वैराट_पॉइंट
चंद्रशिला. उत्तराखंडात, रुद्रप्रयाग जिल्ह्यात, चोपत्याहून.

चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथून तुंगनाथ मंदिरापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर फरसबंदी वाट, मंदिरापासून पुढे दीडेक किलोमीटर उभी पायवाट आणि मग माथा. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण हजार मीटर. चंद्रशिलेची उंची बहुतेक ठिकाणी ४,००० मीटर छापलेली दिसते, काही नकाशांत ती ३,७०० च्या आत आहे. कोणताही आकडा धरा, तयारी तीच.

शिकायला हा डोंगर का चांगला, तर एकाच सकाळी तीन प्रकारची जमीन मिळते. खाली कोरडी फरशी, मध्ये सावलीतल्या वळणांवर गोठलेला बर्फ, वर धारेवर वाऱ्याने दाबलेला बर्फ. वाटेत कुठूनही मागे फिरता येतं आणि परतीला पुन्हा चढ लागत नाही. चढायचं उंच आणि झोपायचं खाली, हे उंचीचं पहिलं सूत्र इथे आपोआप पाळलं जातं.

महिना मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य. तुंगनाथाची कपाटं हिवाळ्यात बंद असतात, देवाची डोली मक्कूमठला असते आणि वैशाखाच्या सुमारास वर येते. त्याच्या आधी गेलात तर वाट मोकळी आणि वर बर्फ शिल्लक. मेमध्ये गेलात तर दर्शन होईल, पण बर्फाचे तुकडेच उरलेले असतील.

कापूसपट्टा
वैराट भाऊंशी सहमत, फक्त एक भर. डिसेंबर ते फेब्रुवारीचा विचारही करू नका. बर्फाने रस्ता चोपत्याच्या अलीकडेच, दुगलबिट्टा-बनियाकुंडच्या आसपास अडतो, डांबरी रस्त्यावरच तीन-चार किलोमीटर जास्त चालावं लागतं आणि वरच्या फरसबंदीचा मागमूस राहत नाही.

सातपुडा_वाट
मला हे पटत नाही. चंद्रशिलेला हौशी पर्यटकांची रांग असते, त्याला आल्पाइन, म्हणजे उंच बर्फाळ डोंगरावरचा अनुभव म्हणणं जास्त होतं. शिकायचंच असेल तर मनालीजवळच्या सोलंगहून पतालसू करा. सोलंग २,५०० च्या आसपास, माथा ४,२०० च्या आसपास, एका दिवसात होतो. नाहीतर धर्मशाळेहून इंद्रहार खिंड, ४,३४२ मीटर. दम तिथे लागतो.

वैराट_पॉइंट
@सातपुडा_वाट, पतालसू उत्तम डोंगर आहे, पण दुसरा. हिशेब बघा. पतालसूला एका दिवसात १,७०० मीटर चढ. नवख्या माणसाचा उंचीवरचा वेग तासाला ३०० मीटरपेक्षा जास्त धरू नये. म्हणजे पाच-सहा तास नुसता चढ, विश्रांती वेगळी. पहाटे चारला निघालेला माणूस माथ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि उतरताना मऊ पडलेल्या बर्फात गुडघ्यापर्यंत रुततो. थकलेल्या पायांनी, ढग भरून येत असताना काही शिकता येत नाही, फक्त घरी परतायचं उरतं. चंद्रशिलेला चढ हजार मीटरचा, त्यामुळे बर्फावर उभं राहून तासभर सराव करायला वेळ आणि अंगात बळ दोन्ही शिल्लक राहतं. इंद्रहार एका दिवसात करणारे आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने वाटेतल्या त्रिउंडच्या वर मुक्काम केल्याशिवाय तिकडे बघू नये.

सातपुडा_वाट
चढाचा हिशेब मान्य. तरी गर्दीचं काय?

कापूसपट्टा
गर्दी सूर्योदयाला माथ्यावर असते आणि दहानंतर मंदिराजवळ. मधल्या वेळेत धारेवर फारसं कुणी नसतं. शनिवार-रविवार टाळा.

वावरातला
राजेहो, एक सांगा. बर्फात गमबूट चालते का? आपल्याकडं वावरात पान्यात तेच घालून फिरते सारे. तिकडं भाड्यानं बी गमबूटच देते म्हन्ते. मंग हजारो रुपयाचे बूट कायले घ्याचे?

रेतीवाट
वावरातला भाऊ, देतात हे खरं, पण शिकायला जाणाऱ्याने घेऊ नये. गमबूट घोट्याला धरत नाही, टाच आत वर-खाली होते, उतरताना पाय पुढे सरकून बोटं आदळतात. तळ वाकतो, म्हणून बर्फात पायाने खाच मारता येत नाही. रबरातून हवा जात नाही, घाम आत साचतो आणि थांबलं की तोच घाम गार पडून बोटं बधिर करतो. मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाच्या तळाला रबराने अडकवायची लोखंडी टोकं, त्यावर नीट बसतही नाहीत.

हजारोंचे बूट हवेतच असं नाही. घोट्यापर्यंत येणारे, तळ हाताने वाकवला तर फक्त पुढच्या तिसऱ्या भागात वाकेल असे, खोल खाचांचे ट्रेकिंग बूट पुरतात. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय फुगतो. जाड मोजा घालून माप घ्या. लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग लेस बांधून उतारावर उभं राहा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा घ्या. घोट्यापाशी लेसची दुहेरी पीळगाठ मारली की पायाचा भाग वेगळा घट्ट आणि नडगीचा भाग वेगळा सैल ठेवता येतो. निघण्याआधी किमान ५० किलोमीटर तरी ते बूट चालवलेले असावेत, आणि पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापलेली असावीत, आदल्या रात्री नव्हे.

वावरातला
समजलं भाऊ. घेतो मंग बूटच.

दवाखाना_रोड
बूट-कपड्यांच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. आपल्या विदर्भात ती सगळ्यात आधी यायला हवी: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नागपूर, सगळीकडे याचे रुग्ण आणि वाहक आहेत, आणि कित्येक वाहकांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं, कारण रोजच्या जगण्यात त्रास होत नाही. उंचीवर मात्र गणित बदलतं. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस पॅटर्नच्या माणसाने या उंचीवर जाऊच नये. वाहकांनाही, म्हणजे एएस पॅटर्नला, उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखणं, उलटी, ताप ही त्याची खूण. अशा वेळी लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ग्रस्त की वाहक ते ठरतं. चौघांनीही चाचणी करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन बघा. रक्त कमी असेल तर ते भरून निघायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तपासणी जानेवारीतच करा.

पूर्णाकाठ
ताई, हे मनातच आलं नव्हतं. चौघांची तपासणी पहिली करून घेतो. उंचीच्या गोळीबद्दलही सांगा ना, आमच्यात त्यावरून वाद चालू आहे.

दवाखाना_रोड
आधी उंची लागणं म्हणजे काय ते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. ३,७०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या ६४ टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्या मानाने कमी. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, तिथे हा फरक शरीराला जाणवत नाही. म्हणून चिखलदऱ्याला कितीही राहिलात तरी उंचीची सवय होत नाही. दम वाढतो आणि पाय तयार होतात, एवढंच.

डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं यांतलं काही असेल, तर ती उंचीच धरायची, उलट काही सिद्ध होईपर्यंत. ही लक्षणं बहुतेकदा सहा ते बारा तासांनी येतात. म्हणजे माथ्यावर ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी चोपत्याला परतल्यावर डोकं धरून बसू शकतो. सौम्य असेल तर आराम, पाणी, पॅरासिटामॉल, आणि वर जाणं बंद. सरळ रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मेंदूला सूज आहे. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर फुप्फुसात पाणी आहे. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी खाली न्यायचं.

गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, आपल्याकडे डायमॉक्स नावाने ओळखतात. प्रतिबंधासाठी नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. चंद्रशिलेला पायऱ्यापायऱ्याने गेलात तर निरोगी माणसाला बहुतेक वेळा गरज पडत नाही.

कापूसपट्टा
ताईंच्या "पायऱ्यापायऱ्याने" वरून मुक्कामांचा आराखडा देतो. नागपूरहून रेल्वेने दिल्ली, तिथून हरिद्वार. दुसऱ्या दिवशी ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत ऊखीमठ, सुमारे १,३०० मीटर, तिथे मुक्काम. पुढच्या दिवशी सारी गाव, २,००० च्या आसपास. सामान तिथे ठेवून देवरियाताल (२,४०० च्या थोडं वर) चढून परत सारीतच झोपायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी चोपत्याला जाऊन दुपारी दोनेकशे मीटर नुसतं वर जाऊन खाली यायचं, रात्री चोपता. मग पहाटे चढाई. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आपण तर त्या उंचीवर झोपतच नाही.

हरिद्वारहून गाडी करून एका दमात चोपता आणि दुसऱ्या पहाटे माथा, असं करणारे बरेच असतात. मंदिराच्या पायरीवर डोकं धरून बसलेले दिसतात ते बहुतेक हेच. डोंगर सोपा असतो, घाईने अवघड होतो.

महुआ
चोपत्यात वीज सौर पॅनलवरची, मोबाईलला रेंज येते-जाते. पॉवर बँक आणि फोन झोपताना अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी झरझर उतरते. पहाटे चालताना फोन छातीच्या आतल्या खिशात. हेडटॉर्चचे जादा सेल पण तिथेच.

संत्राबाग
गावातल्या तयारीचं कुणी बोलेल का? मूळ प्रश्नातला तो भाग राहिलाच. आंबिया बहाराचं पाणी-खत सांभाळून रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ निघत नाही आम्हा बागवाल्यांना, पूर्णाकाठ भाऊंचंही तेच असणार.

रेतीवाट
तास पुरतो. दहा आठवडे द्या. तीन गोष्टी तयार करायच्या: चढायचा दम, उतरायची मांडी, आणि घोटा.

दमासाठी आठवड्यातून तीन दिवस ४५ मिनिटं भरभर चालणं. वेग असा की पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पळायची गरज नाही.

उंची मिळवायला जिना. साधी पायरी १७ सेंटीमीटरची धरा. दोन मजली शाळेचा ४० पायऱ्यांचा जिना म्हणजे पावणेसात मीटर. ३०० मीटर चढ हवा तर ४४ फेऱ्या. पहिल्या आठवड्यात १५ फेऱ्यांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच-सहा वाढवत जा. पाठीवर वजन घ्या, आधी तीन किलो, मग सहा, शेवटी आठ. वजन पाण्याच्या बाटल्यांचं असावं. डोंगरावर सराव करत असाल तर माथ्यावर पाणी ओतून द्यायचं आणि हलक्या पाठीने उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात.

उतरायची मांडी हीच बहुतेकांची कच्ची बाजू. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जाऊन वजन पेलतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही तो या ताणामुळे. यावर इलाज एकच. एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय तीन मोजत खाली न्यायचा, टाच जमिनीला फक्त टेकवायची, पुन्हा वर. प्रत्येक पायाला १२, असे तीन फेरे, एक दिवसाआड. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकला की थांबायचं.

घोट्यासाठी आपल्याकडे फुकटची सोय आहे, नदीचं कोरडं पात्र. मार्चमध्ये पूर्णा, वर्धा, बेंबळा, कुठेही रेती उघडी पडते. बूट घालून मऊ रेतीत अर्धा तास चाला. पाय रुततो, सरकतो, प्रत्येक पावलाला घोटा सावरावा लागतो. दुपारच्या मऊ बर्फात चालणं याच्या सगळ्यात जवळचं. आणि मुरमाच्या उतारावर टाच आधी रोवत, गुडघा किंचित वाकवून, अंग मागे न टाकता उतरायचा सराव करा. बर्फावर उतरायची पद्धत हीच.

वैराट_पॉइंट
@रेतीवाट, सुंदर लिहिलंत. यात रविवारचा एक मोठा चढ जोडा. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरच्या वर उंची मिळते. सगळा घाट एका दिवसात नको, तुकडा पाडून करा. घाटात उजाडल्याशिवाय चालू नका. मोहाची फुलं पडायचे दिवस आहेत, अस्वल पहाटेच झाडाखाली असतं. उजाडल्यावर निघून नऊच्या आत संपवा, कारण त्यानंतरचं ऊन मार्च-एप्रिलमध्ये चाललेल्या प्रत्येक तासाची दुप्पट वसुली करतं. नरनाळ्याला शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची परवानगी घेऊनच जा. व्याघ्र प्रकल्पातल्या आडवाटा पायी तुडवणं बेकायदेशीर आहे आणि जिवाला धोका वेगळा.

महादेव_यात्रा
नागपंचमीच्या नागद्वारला आणि शिवरात्रीच्या चौरागडाला खांद्यावर त्रिशूळ घेऊन जाणारे आपले म्हातारे लोक बघा. चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या ते एका लयीत चढतात, मध्ये बसत नाहीत. ती लय उंचीवर लाख मोलाची आहे. पाऊल टाकलं की मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडावर सोडायचं, मग पुढचं पाऊल. स्नायूला प्रत्येक पावलागणिक अर्धा सेकंद आराम मिळतो. गिर्यारोहणात याला रेस्ट स्टेप म्हणतात, आपल्या यात्रेकरूंच्या पायात ती पिढ्यानपिढ्या आहे.

सातपुडा_वाट
हे अगदी खरं. आणि कोणी म्हणेल की सपाट, तापलेल्या मुलखातल्या माणसांना बर्फ कसा झेपेल, तर त्यांना चंद्रपूरची आठवण करून द्या. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्य मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. ४५ अंशांच्या जिल्ह्यातली मुलं. पण त्यांना कुणी थेट नेलं नाही. आधी तेलंगणातल्या भोंगीरला खडक, मग दार्जिलिंगला प्रशिक्षण, मग लडाखची थंडी, आणि शेवटी एव्हरेस्ट. टप्प्याटप्प्याने वर गेले म्हणून जमलं. या हिशेबाने वैराट भाऊंचं म्हणणं आता पूर्ण पटलं, पतालसू दुसऱ्या वर्षी.

महुआ
त्या मुलांचा फार अभिमान वाटतो. जिवती-राजुऱ्याकडची पोरं ती.

कापूसपट्टा
कपड्यांचं लिहितो. कापसाच्या मुलखात राहून सांगतोय, चढताना अंगावर कापूस एकही नको. बनियनसुद्धा नाही, जीन्स तर नाहीच. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं आणि ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असला तर अंगाला उणे सहा-सात लागतं. धारेवर एवढा वारा नेहमीचा.

तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत भागवता येतं. आत खेळाडूंचा पॉलिएस्टर टी-शर्ट, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. जॅकेट नसेल तर चांगला दोन तुकड्यांचा रेनकोट चालतो, फक्त चढताना त्याची चेन उघडी ठेवा. बसल्यावर घालायला एक जाड जॅकेट बॅगेत वेगळं. हातमोजे दोन जोड: पातळ लोकरी आणि वरून पाणी न शिरणारे. मोजे दोन जोड, त्यातला एक कोरडा प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार, म्हणून एक थर काढूनच निघा.

गळ्यातला आपला दुपट्टा मात्र घ्या, उन्हात मानेला आणि नाकाखाली गुंडाळायला. बर्फ खालून ऊन फेकतो, नाकपुड्यांच्या आतल्या बाजूला आणि हनुवटीखाली कातडी जळते. तिथेही सनस्क्रीन लावा.

दवाखाना_रोड
आणि गॉगल! ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बाजूने उजेड येणार नाही असा, श्रेणी ३ किंवा ४ चा गॉगल घ्या. ढग असले तरी काढायचा नाही. डोळे भाजल्याचं त्या वेळी कळत नाही, सहा ते बारा तासांनी डोळ्यांत रेती गेल्यासारखं टोचतं आणि उजेड सहन होत नाही. जत्रेतला काळा गॉगल नुसता अंधार करतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात.

संत्राबाग
खायला काय न्यायचं?

महुआ
दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थ पोटात गेला पाहिजे. उंचीवर भूक मरते, म्हणून आवडीचंच न्या. शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, संत्रा बर्फी, फुटाणे-गूळ. हातमोजे न काढता खाता येतील असे छोटे तुकडे करून खिशात ठेवा, चिक्की बॅगेत राहिली तर दगड होते. पाणी माणशी दोन-अडीच लिटर, त्यातल्या एका लिटरात ओआरएस. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, मग तो बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते.

पूर्णाकाठ
खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. आता बर्फावर प्रत्यक्ष काय करायचं ते कुणी क्रमाने सांगेल का? आणि वाटाड्या लागतोच का?

वैराट_पॉइंट
वाटाड्या घ्या. सारी किंवा चोपत्याच्या परिसरातला स्थानिक. मंदिरापर्यंत फरसबंदी दिसत असली तरी मध्ये बर्फाचे पट्टे असतात आणि तिथे वाट वळणं घेते. घसरणारे लोक बहुतेक इथेच घसरतात: वळण टाळून घळीतून सरळ खाली उतरायला जातात. घळीत सावली, सावलीत गोठलेला बर्फ. स्थानिक माणूस तुम्हाला तिथून नेणार नाही.

वेळेचा आराखडा: साडेचारला निघणे, साडेसातच्या सुमारास मंदिर, साडेनऊपर्यंत माथा. साडेदहाला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ही वेळ आदल्या रात्रीच ठरवून चौघांनी एकमेकांना सांगून ठेवा, कारण वर गेल्यावर कुणालाच मागे फिरावंसं वाटत नाही. सकाळचा बर्फ कडक असतो, त्यावर टोकं चावतात. अकरानंतर तो मऊ होतो, पाय मांडीपर्यंत जातो, मोजे भिजतात. दुपारी ढग चढतात आणि धारेवर विजेचा धोका असतो.

मायक्रोस्पाइक कडक बर्फ लागण्याआधी चढवा, घसरायला लागल्यावर नव्हे. एका पायावर उभं राहून ते चढवायला सपाट जागा लागते. चढताना बूट जमिनीला समांतर ठेवून पंजाने दोन लाथा मारा, अर्धा पंजा मावेल एवढी खाच झाली की वजन टाका. पुढच्याच्या खाचेतच मागच्याने पाय ठेवायचा. आडवं जाताना डोंगराकडच्या बाजूचा पाय पुढे, काठी डोंगराकडच्या हातात. माथ्यावर कड्याच्या काठाजवळ जाऊ नका, वाऱ्याने बर्फाची झालर पुढे आलेली असते आणि तिच्याखाली जमीन नसते.

मायक्रोस्पाइक पंचवीस अंशांच्या आसपासच्या उतारापर्यंतच ठीक. त्याहून उभ्या कडक बर्फाला क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायची लांब पोलादी टोकं, आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड, म्हणजे आइस अ‍ॅक्स लागते, आणि ती वापरायला शिकवणारा माणूस.

सातपुडा_वाट
घसरगुंडी थांबवायचा सराव तिथे करता येतो. उतार छोटा, खाली सपाट जागा, दगड-झाड काही नाही, अशी जागा वाटाड्याकडून निवडून घ्या. मायक्रोस्पाइक काढून ठेवायचे, नाहीतर टोकं अडकून घोटा मोडतो. अ‍ॅक्सचं डोकं एका हातात खांद्याशी, दांडा छातीवर तिरका, दुसरा हात दांड्याच्या टोकावर. पोटावर वळून चोच बर्फात दाबायची, ढुंगण किंचित वर, पाय फाकलेले. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. चालायच्या काठीने हे जमत नाही, काठी हातातून निसटते.

आणि नव्या बर्फवृष्टीनंतर पहिले ४८ तास तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांच्या खालून जाऊ नका. हिमस्खलनं बहुतेक याच कोनात होतात. हाताशी एक जादा दिवस ठेवून जा, म्हणजे ताजा बर्फ पडला तर थांबता येतं.

वावरातला
हे चांगलं सांगतलं. परतीचं रिझर्वेशन एक दिवस पुढचं काढा राजेहो, नाई तं मानूस गाडी चुकन म्हनून चढते.

पूर्णाकाठ
तर असं ठरतंय: जानेवारीत सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी. त्याच महिन्यापासून जिना, रेती आणि रविवारी घाट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऊखीमठ, सारी, देवरियाताल, चोपता, चंद्रशिला, आणि एक दिवस राखीव. स्थानिक वाटाड्या. साडेदहाला परत फिरणे. मायक्रोस्पाइक तिकडे भाड्याने घ्यावे की इथून न्यावेत? आणि पुढच्या वर्षी पतालसूच्या आधी काही शिकावं लागेल का?

सातपुडा_वाट
पतालसूच्या आधी नाही, पण त्यापुढे जायचं असेल तर गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची, दार्जिलिंगची त्याआधीची, १९५४ ची. जवळजवळ महिनाभराचा कोर्स असतो, जागा लवकर भरतात. आत्ताची तयारी तिथेही कामी येईल.

रेतीवाट
मायक्रोस्पाइक इथून न्या, आपल्याच बुटावर बसवून बघितलेले. बूट घालून ते चढवा, पुढची तार पंज्याच्या मध्यावर आली पाहिजे. मग टाचेकडची साखळी हाताने खाली ओढा. रबर बुटावरून निसटलं तर एक माप लहान घ्या. भाड्याने घ्यावेच लागले तर रबर ताणून चिरा बघा, विशेषतः साखळीच्या कड्यांपाशी. थंडीत रबर तिथूनच तुटतं. एक जोड जादा आणि चार जाड प्लास्टिकच्या पट्ट्या बॅगेत असू द्या.

पूर्णाकाठ
नोंद केली. उद्या चौघेही दवाखान्यात.